सेजच्या सेशनमध्ये आपण केलेली व्हेरिएबल्स कशी शोधायची

सेजमॅथ, म्हणजेच सेज, या पायथन भाषेवर आधारलेल्या गणिताच्या प्रोग्राममध्ये तासभर काम झालं की सेशनमध्ये नावांची गर्दी होते. मॅट्रिक्स ए कुठलं, ए१ कुठलं, आर ही रिंग अजून तीच आहे की मध्येच बदलली, काही आठवत नाही. अशा वेळी लागणारी कमांड एकच: शो_आयडेंटिफायर्स(). मात्र या यादीत काय येतं, काय येत नाही आणि का, हे ठाऊक नसेल तर ती वाचून चुकीचा निष्कर्ष काढणं फार सोपं आहे. खालचा बहुतेक मजकूर सेजबद्दल आहे. मॅक्सिमा, पारी-जीपी, ऑक्टेव्ह, मॅथेमॅटिका आणि मेपल वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीच हवेत. सेजमधल्या ज्या कमांड इथे येतात त्या सगळ्या लहान अक्षरांत आहेत. ट्रू आणि फॉल्स यांचं पहिलं अक्षर तेवढं मोठं, आणि झेडझेड, क्यूक्यू, एसआर ही नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत. अंडरस्कोअर, कंस, अवतरणचिन्हं जशी दिसतात तशीच टाकायची.

साधी यादी

नवं सेशन उघडा आणि हे करून पाहा:

    सेज: ए = १०
    सेज: फॅक्टर = २०
    सेज: शो_आयडेंटिफायर्स()
    ['ए', 'फॅक्टर']

कंस विसरू नका. नुसतं नाव टाकून एंटर मारलं तर त्या फंक्शनचं वर्णन छापून येतं, यादी येत नाही.

उत्तरात मिळतात ती फक्त नावं, अवतरणातल्या मजकुराच्या रूपात. नावावरून किंमत हवी असेल तर ग्लोबल्स() या डिक्शनरीत ते नाव शोधायचं: ग्लोबल्स()['फॅक्टर'] याचं उत्तर २० येईल.

मग थेट ग्लोबल्स() का नको? कारण सेज सुरू होताना स्वतःची सगळी फंक्शनं, रिंगा, स्थिरांक आणि आलेखांचे संच तुमच्याच नावांच्या जागेत ओततं. झेडझेड, क्यूक्यू, मॅट्रिक्स, प्लॉट, साइन, पाय असं सगळं तिथेच राहतं. ग्लोबल्स() छापलं तर पडदाभर नावं सरकत जातात आणि तुमची चार नावं त्यांत हरवतात. शो_आयडेंटिफायर्स() सुरुवातीच्या स्थितीची नोंद जवळ बाळगतं आणि आत्ताच्या स्थितीशी ती ताडून पाहतं. एखादं नाव सुरुवातीला नव्हतंच, तर ते तुमचं. सुरुवातीला होतं पण आता त्या नावाला वेगळी वस्तू चिकटली आहे, तरी ते तुमचं. वरच्या उदाहरणात फॅक्टर यादीत आलं ते या दुसऱ्या नियमामुळे, कारण फॅक्टर हे सेजचं अवयव पाडण्याचं फंक्शन आहे आणि आपण ते झाकून टाकलं.

हा दुसरा नियम महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

अंडरस्कोअरने सुरू होणारी नावं

_तात्पुरतं = ५ असं केलं तर ते नाव साध्या यादीत दिसणार नाही. अंडरस्कोअरने सुरू होणारी नावं मुद्दाम गाळलेली असतात. ती हवी असतील तर:

    सेज: शो_आयडेंटिफायर्स(हिडन=ट्रू)

यादी एकदम लांबलचक होईल. त्यातली बरीचशी नावं तुमची नसतात. सेजचा पडदा आयपायथनवर (पायथनमध्ये ओळीओळीने काम करायच्या प्रोग्रामवर) चालतो आणि आयपायथन प्रत्येक ओळीचा इतिहास नावांनीच साठवतो: _आय७ म्हणजे सातव्या ओळीत तुम्ही टाइप केलेला मजकूर, _७ म्हणजे त्या ओळीचं उत्तर, नुसता _ म्हणजे शेवटचं उत्तर. एखादं विशिष्ट लपलेलं नाव आहे का एवढंच बघायचं असेल तर अख्खी यादी न छापता '_तात्पुरतं' इन शो_आयडेंटिफायर्स(हिडन=ट्रू) असं विचारा. उत्तर ट्रू किंवा फॉल्स येईल.

जाता जाता, सेज ९.० पासून आत पायथन ३ आहे, त्यामुळे व्हेरिएबलचं नाव खरोखरच देवनागरीत ठेवता येतं. बेरीज = 10 हे चालतं आणि यादीत 'बेरीज' असंच दिसतं. आकडा मात्र इंग्रजीच लागतो. अर्धा र काढताना काही कीबोर्ड मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात, ते पायथनला नावात चालत नाही. नाव अगदी बरोबर दिसत असूनही सिंटॅक्स एरर आली आणि संदेशात न दिसणाऱ्या अक्षराचा उल्लेख असला, तर कारण हेच.

झाकली गेलेली नावं

यादी मागवण्याची वेळ बहुतेकदा काहीतरी बिघडल्यावरच येते, आणि बिघाड बहुतेकदा इथेच असतो. सेज तुम्हाला त्याच्या कोणत्याही नावावर नवी किंमत टाकू देतं. इशारा नाही, तक्रार नाही.

फॅक्टर = २० केल्यावर फॅक्टर(१००) विचारलंत तर टाइपएरर येते, की पूर्णांकाला फंक्शनसारखं बोलावता येत नाही. ही एरर बरी, कारण काहीतरी चुकलंय हे निदान कळतं. एरर न येता चुकीचं उत्तर येतं तेव्हा खरी पंचाईत. हे पाहा:

    सेज: फॉर आय इन रेंज(१०):
    ....:     प्रिंट(आय^२)
    सेज: २ + ३*आय
    २९

लहान आय हा सेजमध्ये काल्पनिक एकक आहे. लूप संपल्यावर पायथन लूपचं नाव पुसत नाही, आयमध्ये शेवटची किंमत ९ तशीच राहते. म्हणून २ + ३*आय ही संमिश्र संख्या न येता २९ आलं. हाच आय पुढे घातांकी फंक्शनमध्ये पायसोबत गेला तर -१ च्या जागी ई^(९*पाय) मिळेल, तेही बिनबोभाट. लहान ईचं तसंच: ई = ५ करून ठेवलं आणि नंतर ई^एक्स लिहिलं, तर सेज ५^एक्स समजतं. लहान एन हे दशांशी किंमत काढणारं फंक्शन आहे; एन = १० केलं की एन(पाय) बंद पडतं. पाय.एन() ही मेथड मात्र चालत राहते, कारण ती पाय या वस्तूची आहे, नावांच्या जागेतली नाही.

यादीत आय, ई, एन, एक्स अशी एकाक्षरी नावं दिसली की आधी त्यांच्यावर संशय घ्या. काल्पनिक एककासाठी मोठा आय वापरण्याची सवय लावली तर निम्मी भानगड संपते. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमधला आय बाहेर सांडत नाही, साधा फॉर लूप मात्र सांडतो, हेही लक्षात असू द्या.

आपण सेजची नेमकी कोणती नावं झाकली आहेत, हे एका ओळीत काढता येतं:

    सेज: इम्पोर्ट सेज.ऑल_सीएमडीलाइन
    सेज: [के फॉर के इन शो_आयडेंटिफायर्स() इफ के इन डिर(सेज.ऑल_सीएमडीलाइन)]

सुरुवातीची सगळी नावं सेज.ऑल_सीएमडीलाइन या मॉड्यूलमधून येतात. डिर() त्याची नावं देतं आणि दोन्ही याद्यांत असलेली नावं उरतात. मोठ्या फाइली लोड केल्यानंतर ही ओळ चालवणं फार उपयोगाचं आहे, कारण लोड() ने चालवलेली फाइल आपली सगळी नावं तुमच्याच सेशनमध्ये टाकते.

आता मूळ अर्थ परत कसा आणायचा? इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. डेल फॅक्टर केलं तर तुमचं २० जाईल, पण सेजचं फॅक्टर परत येणार नाही. नाव एकच होतं आणि ते पुसलं गेलं. पुढची हाक नेमएरर देईल. त्यासाठी:

    सेज: रिस्टोअर('फॅक्टर')

एकाहून जास्त नावं असतील तर एकाच अवतरणात मोकळी जागा सोडून लिहा: रिस्टोअर('आय ई एन'). कंस रिकामा ठेवून रिस्टोअर() म्हटलं तर सेजची सगळी नावं मूळ अर्थावर येतात आणि तुमची स्वतःची वेगळी नावं तशीच राहतात. भर कामात हाच पर्याय सगळ्यात सुरक्षित.

लिस्ट, लेन, डिक्ट, सेट ही नावं पायथनची स्वतःची. ती एका वेगळ्या थरात राहतात. लिस्ट = [१, २, ३] केल्यावर लिस्ट(...) चालेनासं झालं तर डेल लिस्ट पुरतं, वरचं झाकण निघालं की खालचं मूळ दिसतं. थोडक्यात, पायथनच्या नावाला डेल चालतं, सेजच्या नावाला रिस्टोअर लागतं. नक्की कोणाचं हे कळत नसेल तर रिस्टोअर वापरा.

गणितातला चल आणि सेशनमधलं नाव

सेजमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बऱ्याच जणांची यादी इथे चुकते.

एक्स हा चल सेज सुरू होतानाच तयार असतो, म्हणून तो यादीत येत नाही. वाय हवा असेल तर व्हार('वाय') म्हणावं लागतं. ही कमांड दोन कामं करते: वाय नावाचा चल बनवते आणि वाय हे नाव सेशनमध्ये टाकते. त्यामुळे वाय यादीत दिसतो. एसआर.व्हार('झेड') (एसआर म्हणजे चिन्हांकित राशींची रिंग) पहिलंच काम करते. चल बनतो, हातात मिळतो, पण नाव सेशनमध्ये जात नाही. झेड = एसआर.व्हार('झेड') असं स्वतः लिहिलं तरच नाव नोंदलं जातं. फंक्शनच्या आत चल बनवताना ही दुसरी पद्धत चांगली, बाहेर कचरा होत नाही.

सेजच्या काही सोयीच्या लेखनपद्धती मागच्या दाराने नावं बनवतात. आर.<टी> = क्यूक्यू[] ही ओळ दोन नावं देते, रिंग आर आणि तिचा जनक टी. एफ(टी) = टी^२ + १ हीसुद्धा दोन नावं देते, एफ आणि टी. सेज ही ओळ पायथनला देण्याआधी बदलतं आणि त्यात टी साठी व्हारची हाक घालतं. त्याच बदलात __टीएमपी__ असं एक लपलेलं नावही उरतं; हिडन=ट्रू लावल्यावर ते दिसलं तर गोंधळू नका.

याचा एक दुष्परिणाम फार त्रास देतो. आधी एक्स = ५ केलेलं आहे आणि नंतर एफ(एक्स) = एक्स^२ लिहिलंत, तर एक्समधले ५ गेले; एक्स पुन्हा चल झाला. यादीत नाव आहे की नाही हे पाहून किंमत शाबूत आहे असं समजू नका. किंमत बघायची तर नाव टाइप करून एंटर मारा.

एखाद्या राशीत कोणते चल आहेत हा प्रश्न तर पूर्ण वेगळा. त्यासाठी राशीलाच विचारायचं: (ए*एक्स^२ + बी).व्हेरिएबल्स(). इथे ए आणि बी हे चल असतील तर तीन चलांचा गट मिळेल. पण ए = १० केलेलं असेल तर राशी बनतानाच तिथे १० गेले, आणि उत्तरात ए दिसणारच नाही. सोडवलेल्या समीकरणात अपेक्षित चल सापडत नसला तर पहिली शंका हीच घ्यावी आणि शो_आयडेंटिफायर्स() मागवून ए कुठे व्हेरिएबल झालाय का ते पाहावं.

नावासोबत प्रकारही हवा असेल तर

नुसत्या नावांवरून फारसं कळत नाही. प्रत्येक नावासमोर ती वस्तू कोणत्या रचनेतली आहे हे छापून घ्या:

    सेज: फॉर _के इन शो_आयडेंटिफायर्स():
    ....:     प्रिंट(_के, पेरेंट(ग्लोबल्स()[_के]))

पायथनचं टाइप() वर्गाचं लांबलचक नाव देतं; सेजचं पेरेंट() गणिताच्या भाषेत उत्तर देतं: पूर्णांकांची रिंग, चिन्हांकित राशींची रिंग, पूर्णांकांवरच्या ३ बाय ३ मॅट्रिक्सचा अवकाश, असं. लूपच्या नावाला अंडरस्कोअर मुद्दाम लावला आहे. साधं के वापरलं तर पुढच्या वेळी यादीत केही येऊन बसतो.

या दुसऱ्या रकान्यात एक बारीक गोष्ट सापडते. सेजमध्ये १० टाइप केलं की तो सेजचा पूर्णांक होतो, पण रेंज() मधून आलेला आकडा पायथनचा साधा इंट असतो. दोन इंट एकमेकांनी भागले की ९/२ हा अपूर्णांक न मिळता ४.५ ही दशांशी संख्या मिळते, आणि नेमकेपणा तिथेच संपतो. तक्त्यात एखाद्या नावासमोर इंट दिसला तर तो कुठून आला ते शोधा.

आयपायथनच्या टक्केवाल्या कमांडही आहेत. %हू नावं छापते, %हू_एलएस तीच नावं यादी म्हणून देते, %हूज नाव, प्रकार आणि थोडी माहिती असा तक्ता मांडते. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा ॲरे असेल तर %हूज त्याचे बाइटही सांगते. प्रकारानुसार गाळणीही लावता येते, पण इथे वरचाच फरक आडवा येतो: %हू इंट लिहिलं तर ए = १० मधला ए सापडत नाही, कारण तो इंट नाही. %हू इंटिजर लिहा, आणि पहिलं अक्षर मोठं ठेवा. या कमांड आयपायथनच्या स्वतःच्या नोंदीवर चालतात. ताज्या सेशनमध्ये काहीही न करता एकदा %हू चालवून पाहा. तिथे जी नावं आधीच दिसतील ती तुमची नाहीत हे धरून चाला.

यादीत फंक्शनं आणि मॉड्यूलंही येतात. डेफ ने केलेलं प्रत्येक फंक्शन हे नावच आहे. इम्पोर्ट नमपाय ॲज एनपी केलं की एनपी आलं. फंक्शनच्या आतली स्थानिक नावं मात्र कधीच दिसत नाहीत, फंक्शन संपलं की ती जातात. सेजमधून पारी किंवा मॅक्सिमाला पाठवलेली नावंही इथे दिसत नाहीत. ती त्या त्या प्रोग्रामच्या पोटात असतात.

नाव पुसलं, मेमरी सुटली नाही

मोठं मॅट्रिक्स डेल करूनही मेमरी मोकळी होत नाही, अशी तक्रार नेहमीची आहे. कारण बहुधा उत्तरांच्या इतिहासात असतं. ते मॅट्रिक्स कधीतरी ओळीवर छापलं गेलं असेल, तर आउट या डिक्शनरीत आणि _१२ सारख्या लपलेल्या नावात त्याचा धागा अजून शिल्लक आहे. शो_आयडेंटिफायर्स() च्या साध्या यादीत नाव गेलेलं दिसतं, वस्तू जिवंतच असते. %एक्सडेल नाव ही कमांड आयपायथनच्या इतिहासातले धागेही तोडायचा प्रयत्न करते. सगळाच उत्तर-इतिहास काढायचा असेल तर %रिसेट आउट. मोठी वस्तू बनवताना ओळ नुसत्या नावावर संपवू नका, म्हणजे ती इतिहासात जाणारच नाही. नेमणुकीची ओळ स्वतः काही छापत नाही.

सगळं पुसायचं असेल तर

रिसेट() तुमची नावं पुसतं, सेजची नावं मूळ अर्थावर आणतं, अझ्यूमने केलेली गृहीतकं विसरतं आणि मॅक्सिमा, पारी वगैरेंशी असलेले दुवे नव्याने सुरू करतं. तुमचे इम्पोर्टही जातात, नमपाय पुन्हा आणावं लागतं. अंडरस्कोअरने सुरू होणारी नावं राहतात. हे होण्याआधी विचारणा होत नाही आणि मागे फिरता येत नाही. एकाच नावासाठी रिसेट('एक्स') पुरेसं आहे; कंस रिकामा सोडण्याआधी दोनदा पाहा.

पुसण्याआधी जपून ठेवायचं असेल तर सेव्ह_सेशन('काम') वापरा. नंतर लोड_सेशन('काम'). पहिली कमांड तुमची व्हेरिएबल्स एका एसओबीजे फाइलमध्ये साठवते, पण डेफ किंवा लॅम्डाने केलेली फंक्शनं साठवत नाही, आणि न साठवल्याचं सांगतही नाही. म्हणून नेहमी:

    सेज: सेव्ह_सेशन('काम', व्हर्बोज=ट्रू)

असं लिहा. काय गाळलं ते एकेक ओळीत छापून येईल. फंक्शनं वेगळ्या फाइलमध्ये ठेवून लोड() ने आणणं हाच त्यावर इलाज.

ज्युपिटर नोटबुकमध्ये एक जास्तीची गोष्ट: सेल पुसला तरी त्याने बनवलेलं नाव कर्नलमध्ये (मागे चालू असलेल्या सेजमध्ये) राहतं. नोटबुकमध्ये कुठेच नसलेलं नाव यादीत दिसतंय, तर ते अशाच पुसलेल्या किंवा बदललेल्या सेलमधून आलेलं असतं. असं नोटबुक दुसऱ्याला पाठवलं की त्याच्याकडे नेमएरर येते. पाठवण्याआधी कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवा.

इतर प्रोग्राममध्ये

मॅक्सिमात यादीसाठी फंक्शन नाही, व्हॅल्यूज नावाचं व्हेरिएबलच आहे. व्हॅल्यूज; टाइप केलं की किंमत दिलेली नावं येतात. मॅक्सिमात किंमत विसर्गासारख्या चिन्हाने देतात, ए: १०, अशी. सेजची सवय असलेला माणूस ए = १०; लिहितो, मॅक्सिमा ते समीकरण समजून तसंच छापतं, आणि व्हॅल्यूजमध्ये ए सापडत नाही. फंक्शनं तिथे येत नाहीत, त्यांच्यासाठी फंक्शन्स; अशी वेगळी यादी आहे. अशा सगळ्या याद्यांची नावं इन्फोलिस्ट्स; मध्ये मिळतात. एफपीप्रेकसारखे (मोठ्या दशांशी संख्यांची अचूकता ठरवणारे) पर्याय बदलले तरी ते व्हॅल्यूजमध्ये दिसत नाहीत. एक नाव पुसायला किल(ए), सगळं पुसायला किल(ऑल). बदललेले पर्याय किल(ऑल) ने पूर्ववत होत नाहीत, त्यासाठी मॅक्सिमाचं रिसेट() आहे. सेजच्या रिसेट() सारखंच नाव, काम मात्र वेगळं.

पारी-जीपीमध्ये व्हेरिएबल्स() हे नाव फसवं आहे. ते बहुपदींत वापरलेले चल प्राधान्याच्या उतरत्या क्रमाने देतं. किंमत दिलेली नावं पाहायची तर उलटी तिरकी रेघ आणि पुढे यूव्ही, तुम्ही लिहिलेली फंक्शनं पाहायची तर उलटी रेघ आणि नुसता यू. या कमांड ओळीच्या सुरुवातीला एकट्याच टाकायच्या. नाव पुसायला इथेही किल(ए).

ऑक्टेव्ह आणि मॅटलॅबमध्ये हू नावं देते. हूज नाव, आकार, बाइट आणि वर्ग देते. मेमरीचा हिशोब पाहायला याहून सोपं काही नाही. हू ए* असं लिहून ए ने सुरू होणारीच नावं काढता येतात. दोन्ही कमांड आत्ताच्या कक्षेपुरतंच बोलतात: डीबगरमध्ये एखाद्या फंक्शनच्या आत थांबला असाल तर त्या फंक्शनची स्थानिक नावं दिसतील, बाहेरची नाही. इथेही आय = ३ करून काल्पनिक एकक झाकता येतं, पण क्लियर आय केलं की मूळ अर्थ लगेच परत येतो, कारण व्हेरिएबल आणि फंक्शन यांच्या जागा वेगळ्या आहेत. एग्झिस्ट("आय") चं उत्तर १ आलं तर ते सध्या व्हेरिएबल आहे.

मॅथेमॅटिकात नेम्स["ग्लोबल`*"] लिहायचं. ग्लोबलनंतरचं चिन्ह अवतरण नसून बॅकटिक आहे. ही यादी सेजपेक्षा सैल आहे. एखादं नाव नुसतं टाइप केलं, अगदी चुकीच्या स्पेलिंगने केलं, तरी ते नोंदलं जातं. किंमत असण्याची अट नाही. क्लियर[ए] किंमत काढतं, नाव यादीत राहतं. रिमूव्ह[ए] नावच काढतं. पॅकेजची नावं त्यांच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्टमध्ये असल्यामुळे इथे मिसळत नाहीत. आणि अंगभूत नावं संरक्षित आहेत: फॅक्टर = २० लिहिलं तर नाव संरक्षित असल्याचा संदेश येतो आणि नेमणूक होत नाही.

मेपलमध्ये कमांड आहे एनेम्स('युजर'). स्पेलिंग म्हणजे ए या अक्षराला जोडून नेम्स. नुसतं एनेम्स() म्हटलं तर प्रणालीची नावंही मिसळून येतात, तेव्हा युजर गाळू नका. तिथे प्रकाराचं नावही देता येतं: एनेम्स('इंटिजर') ने पूर्णांक किंमत असलेलीच नावं मिळतात. एक नाव मोकळं करायला ए := 'ए', आणि सगळं पुसायला रीस्टार्ट.